लहानग्यांसाठी आणि घरच्यांसाठी विणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांसाठी विणायला बसलं की मन आधी रंगांत आणि नक्षीत रमतं. पण आधी पाहायचं ते हे की मूल या कपड्यात सुरक्षित राहील का, तो त्याच्या डोक्यातून जाईल का, आणि घरात सहज धुता येईल का. नक्षीचा विचार त्यानंतर. रोज अंगावर चढून विटलेला स्वेटर मला कपाटात घडी घालून ठेवलेल्या देखण्या स्वेटरपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. खालची उत्तरं त्याच नजरेने लिहिली आहेत.

नुकतेच सुलट-उलट टाके शिकले आहे. पहिली वस्तू कोणती विणू?

टोपी. बहुतेक जण नवशिक्याला मफलर विणायला सांगतात, मला ते पटत नाही. मफलर लांबच लांब आणि एकसुरी असतो, अर्ध्यावर कंटाळा येतो आणि तो सुईसकट पिशवीत पडून राहतो. शिवाय लहान मुलाच्या गळ्यात लांब मफलर असणं धोक्याचंच. टोपी थोड्या बैठकांत पुरी होते आणि तिच्यात टाके घालणं, बॉर्डर, टाके घटवणं, शिवण असं सगळं हातून जातं.

एक वर्षाच्या बाळासाठी हिशोब असा: ‘डबल निटिंग’ म्हणतात ती मध्यम जाडीची लोकर, ४ मिमीच्या दोन सरळ सुया आणि ९२ टाके. पहिले ४-५ सेंमी एक सुलट, एक उलट अशी बॉर्डर, त्यापुढे एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट. एकूण उंची १५ सेंमी झाली की एका सुलट ओळीत दोन-दोन टाके एकत्र विणत जा, ९२ चे ४६ होतील. एक उलट ओळ विणा आणि पुढच्या ओळीत पुन्हा तसंच करा, २३ टाके उरतील. लोकर हातभर ठेवून कापा, बोथट दाभणात ओवून त्या टाक्यांतून काढा, आवळा आणि त्याच धाग्याने बाजूची शिवण घाला.

तान्ह्या बाळासाठी लोकर कोणती घ्यावी?

दुकानात सगळ्याच धाग्याला लोकर म्हणतात, म्हणून आधी गुंड्यावरची पट्टी वाचा. मेंढीची लोकर, अ‍ॅक्रिलिक, सुती धागा आणि यांची मिश्रणं, हे चार प्रकार मुलांच्या विणकामात मुख्यतः लागतात.

मेंढीची लोकर उबेला सर्वांत चांगली. ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही, त्यामुळे धावून घामेजलेलं मूल थांबलं तरी एकदम गारठत नाही. तिचा दुसरा मोठा गुण असा की ती सहज पेट घेत नाही आणि वितळत नाही. मात्र बाळासाठी ती बारीक तंतूंची हवी. मेरिनो जातीच्या मेंढीच्या उत्तम लोकरीचा तंतू १७ ते १९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो, तो कातडीवर आला तर वाकतो. ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतू वाकत नाही, त्याचं टोक त्वचेत रुतत राहतं.

अ‍ॅक्रिलिक स्वस्त, हलकं, मशीनमध्ये धुता येणारं आणि रंगांनी समृद्ध. तिन्हीत्रिकाळ कपडे बदलावे लागणाऱ्या बाळासाठी त्याची सोय नाकारण्यात काहीच अर्थ नाही. पण ते घाम शोषत नाही आणि आगीजवळ वितळून कातडीला चिकटू शकतं. म्हणून अंगाला लागून एक सुती थर असू द्या आणि शेगडी, हीटर यांपासून मूल लांबच ठेवा.

सुती धागा उकाड्यात उत्तम. तो टोचत नाही आणि गरम पाण्यालाही बहुधा टिकतो. लवचीकपणा मात्र त्यात जवळजवळ नसतो, त्यामुळे बॉर्डर लवकर सैल पडते आणि मोठा स्वेटर स्वतःच्याच वजनाने लोंबतो. दुपटी, लाळेरी, बिनबाह्यांची झबली यांसाठी तो मला आवडतो, मोज्यांसाठी नाही.

मोहेर आणि अंगोरा, म्हणजे लव असलेले धागे, पहिल्या दोन वर्षांत टाळा. बाळ बाही चोखतं, लव तोंडात आणि नाकात जाते.

‘सुपरवॉश’ लिहिलेली लोकर म्हणजे काय? घ्यावी का?

मेंढीच्या लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. पाणी, उष्णता आणि घासणं एकत्र आलं की हे खवले एकमेकांत अडकतात, परत सुटत नाहीत आणि स्वेटर आटून नमद्यासारखा घट्ट होतो. सुपरवॉश लोकरीवर रासायनिक प्रक्रिया करून हे खवले बोथट केलेले असतात किंवा त्यांवर पातळ लेप दिलेला असतो. त्यामुळे ती मशीनच्या सौम्य धुण्याला टिकते. घरात तान्हं मूल असेल तर मी हीच घ्यायला सांगेन. एवढंच की ती ओली झाल्यावर बरीच ताणली जाते, म्हणून नमुन्याचा तुकडा, म्हणजे आधी त्याच लोकरीने विणून पाहिलेला छोटा चौकोन, धुऊन मगच माप धरा.

बाळाला लोकर सोसत नाही असं वाटतं. अ‍ॅलर्जी आहे का?

बहुतेक वेळा ती अ‍ॅलर्जी नसते, जाड तंतूंचं टोचणं असतं. हाताचा तळवा राठ असतो, त्यावर लोकर लावून काही कळत नाही. गुंडा स्वतःच्या मानेवर किंवा ओठाच्या वर दोन मिनिटं धरून पाहा. तुम्हाला खाजलं तर बाळालाही खाजेल. त्वचेवर चट्टे उठत असतील किंवा बाळाला इसब असेल तर मात्र अंदाज बांधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

सुयांच्या नंबरांचा गोंधळ होतो. ८ नंबर म्हणजे किती जाड?

कोणत्या पद्धतीचा नंबर आहे त्यावर अवलंबून. जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढेल तशी सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी, १२ नंबर म्हणजे २.७५ मिमी. अमेरिकन पद्धत नेमकी उलट, तिथे ८ नंबर म्हणजे ५ मिमी आणि ६ नंबर म्हणजे ४ मिमी. एका पद्धतीचा नमुना दुसऱ्या पद्धतीच्या सुईने विणला तर बाळाचा स्वेटर ताईला व्हायचा. म्हणून नंबर विसरा आणि मिलिमीटर लक्षात ठेवा. छिद्रं असलेली सुई मोजायची पट्टी मिळते, ती घेऊन ठेवा.

नमुन्याचा तुकडा विणायलाच हवा का?

टोपीसाठी नाही विणला तरी चालेल, टोपीच तुमचा तुकडा समजा. स्वेटरसाठी मात्र हवाच.

कारण साध्या हिशोबात आहे. नमुन्यात लिहिलंय की १० सेंमीत २२ टाके बसतात, आणि छातीला ११० टाके घाला. म्हणजे ५० सेंमी घेर. तुमचा हात थोडा सैल आहे आणि १० सेंमीत २० च टाके बसतात. तेच ११० टाके आता ५५ सेंमी भरतात. दोन टाक्यांच्या फरकाने स्वेटर एक वर्षाच्या मुलाऐवजी दोन-तीन वर्षांच्या मुलाला होतो.

तुकडा किमान १५ सेंमीचा विणा, पुढे ज्या पद्धतीने स्वेटर धुणार त्याच पद्धतीने धुवा, सपाट वाळवा आणि मग कडा सोडून मधल्या १० सेंमीतले टाके मोजा. टाके जास्त बसले तर जाड सुई घ्या, कमी बसले तर बारीक. हात मुद्दाम सैल किंवा घट्ट करायला जाऊ नका, चार ओळींनंतर तो आपल्या मूळ सवयीवर येतोच.

बाळ लांब राहतं, माप घेता येत नाही. अंदाज काय धरू?

छातीचा घेर साधारण असा धरा: ३ महिन्यांना ४० सेंमी, ६ महिन्यांना ४३, एक वर्षाला ४६, दोन वर्षांना ५१ ते ५३, चार वर्षांना ५८, सहा वर्षांना ६३. हे अंगाचं माप झालं. स्वेटरसाठी त्यात ५ सेंमी मिळवा, आतून जाड कपडा असणार असेल तर ७ सेंमी.

डोक्याचा घेर जन्मतः ३५ सेंमीच्या आसपास असतो, ६ महिन्यांना ४३, एक वर्षाला ४६, दोन वर्षांना ४८, पाच वर्षांना ५०-५१ आणि मोठ्या माणसाचा ५४ ते ५८. टोपी डोक्यापेक्षा ३-४ सेंमी लहान विणायची, ताणून बसते म्हणूनच ती टिकते.

बाळ अजून जन्मायचं असेल तर अगदी नवजात मापात वेळ घालवू नका. ते माप काही आठवड्यांतच लहान होतं. ६ महिन्यांचं माप धरा, आणि ते बाळ ६ महिन्यांचं होईल तेव्हा ऋतू कोणता असेल ते बोटांवर मोजा. भर उन्हाळ्यात पोचलेला जाड स्वेटर पुढच्या थंडीपर्यंत आखूड झालेला असतो.

स्वेटर अंगाला बरोबर होतो, पण डोक्यातून जात नाही. काय चुकतं?

मुलांच्या स्वेटरमधली ही सर्वांत नेहमीची अडचण. जन्मतः बाळाचं डोकं छातीपेक्षा दोनेक सेंटीमीटरने मोठं असतं, आणि वर्षभराने दोन्ही सारखे होतात. मोठ्या माणसात डोकं छातीच्या मानाने कितीतरी लहान. मोठ्यांचा नमुना प्रमाणात लहान करून बाळासाठी विणला की अंग बसतं आणि गळा अडतो.

सर्वांत सोपा उपाय पुढून उघडणारा स्वेटर. मान न धरणाऱ्या बाळाच्या डोक्यावरून काहीही ओढत नेण्यापेक्षा ते केव्हाही बरं. बंद गळाच हवा असेल तर एका खांद्याला शिवण न घालता बटणपट्टी करा. तिसरा मार्ग म्हणजे पुढचा आणि पाठीचा भाग खांद्यावर एकावर एक चढवायचा, पाकिटासारखा. हा गळा इतका उघडतो की कपडा खराब झाला तर तो पायांकडून खाली ओढून काढता येतो, आणि तान्ह्या बाळाच्या घरी ही सोय फार लाखमोलाची आहे.

गळ्याचे टाके बंद करताना दोन नंबर जाड सुई घ्या. बॉर्डर ताणली जाते आणि बंद केलेली कड ताणली जात नाही, असं बरेचदा होतं आणि बाळ रडू लागतं. बंद केल्यावर गळा दोन्ही हातांनी ताणून मोजपट्टी लावा. तो डोक्याच्या घेराएवढा आरामात उघडला पाहिजे.

मूल भराभर वाढतं. किती मोठा स्वेटर विणावा?

पहिल्या वर्षात बाळाची उंची साधारण २५ सेंमीने वाढते, दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान ती वर्षाला ६-७ सेंमी या गतीवर येते. छाती त्या मानाने हळू वाढते. म्हणून रुंदीत फार सूट देऊ नका, लांबीत द्या. खांद्यावरून घसरणारा ढगळ स्वेटर मुलाला खेळू देत नाही आणि दोन वर्षांनी नेमका बसेल तेव्हा तो विरलेला असतो.

बाही ४-५ सेंमी लांब विणा आणि मनगटाशी दुमडा. दुमडलेला भाग दिसतो, म्हणून तिथली वीण दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी घ्या. एक सुलट एक उलट किंवा प्रत्येक ओळ सुलट, दोन्ही चालतात.

याहून चांगलं म्हणजे गळ्याकडून खाली विणलेला स्वेटर. त्याच्या बाह्या आणि घेर खालच्या टोकाला बंद होतात, त्यामुळे पुढच्या वर्षी शेवटची कड उसवून टाके पुन्हा सुईवर घेता येतात आणि हवं तेवढं पुढे विणता येतं. त्यासाठी एक गुंडा राखून ठेवा. रंग जुळला नाही तर मुद्दाम वेगळ्या रंगाचा पट्टा घाला. मुलं त्या पट्ट्याकडे बोट दाखवून आपण किती वाढलो ते सांगतात, मला ते फार गोड वाटतं.

बटणं, नाड्या, गोंडे लावावेत का?

नाड्यांबद्दल माझं मत ठाम आहे: गळ्याशी आणि डोक्याशी नाडी नको. घसरगुंडीच्या फटीत, दारात, पाळण्याच्या गजात अडकली की ती गळफास होते. युरोपात ईएन १४६८२ या मानकानुसार ७ वर्षांखालील मुलांच्या कपड्यांना डोक्याच्या आणि गळ्याच्या भागात नाड्या-दोऱ्या चालत नाहीत. अमेरिकेत ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९६ मध्ये मुलांच्या जाकिटांच्या नाड्यांबद्दल असाच इशारा दिला. टोपड्याला बंद हवाच असेल तर हनुवटीखाली जाणारी छोटी पट्टी विणून तिला बाजूला बटण लावा.

बटणाचा धोका म्हणजे गिळणं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी लहान तुकड्यांची जी चाचणी असते, तिच्या नळीचा व्यास ३१.७ मिमी असतो. त्यातून जाईल ती वस्तू गिळली जाऊ शकते असं मानतात, म्हणजे स्वेटरचं जवळजवळ प्रत्येक बटण त्यात आलं. यावर उपाय पक्क्या शिवणीचा. बटण विणकामाच्या लोकरीने लावू नका, ती झिजून तुटते. मजबूत शिवणदोऱ्याने लावा आणि आतल्या बाजूला दुसरं छोटं सपाट बटण ठेवून दोन्ही एकत्र शिवा, म्हणजे ओढल्यावर वीण फाटत नाही. दर धुण्यानंतर एकदा ओढून पाहा. बाळ पाठीवर झोपतं म्हणून पाठीवर बटणं नकोत, आणि ते पोटावर रांगायला लागलं की पुढची बटणंही चपटी हवीत.

गोंडा टोपीला शोभतो, पण वर्षाखालच्या बाळासाठी सोडून द्या. तो उपटून तोंडात घालणं हा त्यांचा आवडता उद्योग असतो. मणी आणि टिकल्या तर नकोतच.

हातमोजे आणि पायमोजे विणताना कशाकडे लक्ष द्यावं?

आतल्या बाजूकडे. मोजा उलटा करून पाहा. दोन रंगांच्या नक्षीत मागच्या बाजूने मोकळे धागे जातात. बाळाचं बोट त्या फासात अडकलं आणि धागा गुंडाळला गेला तर बोटाचा रक्तपुरवठा थांबू शकतो. केस किंवा धागा बोटाला असा आवळला जाणं ही डॉक्टरांना ठाऊक असलेली तातडीची स्थिती आहे, आणि बाळ का रडतंय ते मोजा काढेपर्यंत कळतही नाही. म्हणून बाळाचे मोजे एकरंगीच विणा किंवा आडवे पट्टे घाला, कारण पट्ट्यांत मोकळे धागे राहत नाहीत. धाग्यांची टोकं विणीत नीट लपवा, किमान ५ सेंमी आणि दिशा बदलून. बाळ विनाकारण रडत असेल तर मोजे काढून प्रत्येक बोट पाहायची सवय ठेवा.

तान्ह्याच्या हातमोज्यांना अंगठा लागत नाही. त्यांना एकमेकांशी जोडणारी दोरीही नको.

पायमोज्यात बोटांवरची जाड शिवण मुलाला खुपते आणि ते मोजे भिरकावतं. दोन्ही बाजूंचे टाके दाभणाने एकेक करून असे जोडा की जोड दिसणारच नाही, मग आतून काही हाताला लागत नाही. नवजात बाळाचं पाऊल साधारण ८ सेंमी असतं, वर्षाच्या मुलाचं साडेअकरा-बारा. मोजा पावलापेक्षा थोडा आखूड विणायचा, ताणून बसतो. चालायला लागलेल्या मुलाला गुळगुळीत फरशीवर लोकरीचे मोजे घसरतात, तेव्हा ते बुटाच्या आत किंवा अंथरुणातच ठीक.

मुलांच्या मोज्यांची परंपरा फार जुनी आहे. इजिप्तमधल्या अँटिनोओपोलिस इथे सापडलेला, इसवी सन ३०० च्या सुमाराचा एका लहान मुलाचा रंगीत पट्ट्यांचा मोजा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो आपल्यासारखा दोन सुयांवर नव्हे, एकाच सुईने गुंफलेला आहे, आणि चपलेचा अंगठा जावा म्हणून त्याचा अंगठा वेगळा ठेवला आहे. तेव्हाही कुणीतरी त्या पोरासाठी पट्ट्यांचे रंग निवडत बसलं होतं.

बाळाला विणलेली टोपी घालून, दुपट्यात गुंडाळून झोपवलं तर चालेल का?

एक वर्षाच्या आत झोपेत सैल पांघरूण नको आणि घरात झोपताना टोपी नको, असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. पांघरूण तोंडावर येऊ शकतं. बाळ अंगातली जास्तीची उष्णता डोक्यावाटे टाकत असतं, ती टोपीने कोंडते. विणलेलं दुपटं बाबागाडीत, मांडीवर, जमिनीवर खेळताना वापरा, बाळ जागं असताना आणि तुमच्या नजरेसमोर. दुपट्याला मोठ्या भोकांची जाळीची वीण घेऊ नका, बोटं अडकतात.

मोटारीत बाळाच्या सीटवर जाड स्वेटर चालतो का?

पट्ट्याखाली जाड, फुगीर कपडा नको, धक्क्यात तो दबतो आणि पट्टा सैल पडतो. पातळ स्वेटर ठीक. जाड असेल तर आधी बाळाला पट्ट्यात बसवा आणि मग वरून पांघरा.

नमुना न घेता घरच्या कुणासाठीही स्वेटर विणता येतो का?

येतो. एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या विणकाम शिक्षिकेने टक्क्यांची एक पद्धत रूढ केली. ती कळली की नमुन्याची वही लागत नाही. अंगाच्या घेराचे टाके म्हणजे १०० टक्के. त्याच्या २० टक्के टाके मनगटाला, साधारण ३३ टक्के दंडाला आणि ४० टक्के गळ्याला.

घेर १०० सेंमी हवा आणि १० सेंमीत २२ टाके बसतात असं धरा. अंगाला २२० टाके, मनगटाला ४४, दंडाला ७३, गळ्याला ८८. गळा ४० सेंमी झाला, बॉर्डर ताणून ५६ सेंमीच्या डोक्यातून सहज जातो.

आता हेच वर्षाच्या मुलाला लावून पाहा. घेर ५१ सेंमी, टाके ११२. मनगटाला २० टक्के म्हणजे २२ टाके, म्हणजे १० सेंमी. गुबगुबीत मनगटाला ते आवळेल, तिथे २५ टक्के धरा. गळ्याला ४० टक्के म्हणजे ४५ टाके, सुमारे २० सेंमी, आणि डोकं ४६ सेंमीचं. म्हणून बाळाच्या बाबतीत गळ्याला बटणपट्टी द्या.

कोणत्या वस्तूला किती लोकर लागेल?

डबल निटिंग लोकर आणि साधी वीण धरली तर अंदाजे असं: नवजात बाळाची टोपी ३० ग्रॅम, वर्षाच्या मुलाचा स्वेटर १५० ग्रॅम, पाच वर्षांच्या मुलाचा २५० ग्रॅम, मोठ्या माणसाचा ४५० ते ६०० ग्रॅम. वेणीच्या विणीला साधारण पाचवा हिस्सा जास्त धरा. सगळे गुंडे एकदमच घ्या आणि पट्टीवरचा रंगाच्या घाण्याचा, म्हणजे एकदम रंगवलेल्या लोकरीचा, नंबर एकच आहे ना ते पाहा. दोन घाण्यांमधला फरक दिव्याखाली दिसत नाही, उन्हात स्वेटर घातला की पाठीवर रेघ उठून दिसते.

टाका निसटला आणि चार ओळी खाली गेला. सगळं उसवायचं?

नाही. क्रोशाची सुई घ्या. सुलट बाजूने निसटलेल्या टाक्यात ती घाला, वरचा आडवा धागा पकडून टाक्यातून ओढा, असं शिडीच्या एकेका पायरीने वर या आणि शेवटी टाका सुईवर ठेवा. हाताशी क्रोशाची सुई नसेल तर निसटलेल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवून ठेवा, तो तिथेच थांबेल.

धुवायचं कसं? बाळाचे कपडे तर रोज धुवावे लागतात.

अ‍ॅक्रिलिक आणि सुपरवॉश असेल तर पट्टीवर लिहिल्याप्रमाणे मशीनमध्ये, कपडा उलटा करून, जाळीच्या पिशवीत. साधी मेंढीची लोकर मात्र हातानेच. ३० अंशांपर्यंतचं कोमट पाणी, लोकरीचा किंवा कोणताही सौम्य साबण. पाण्यात दाबायचं आणि सोडायचं, चोळायचं नाही. खंगाळायचं पाणीही तेवढ्याच उष्णतेचं हवं. बाहेर काढताना दोन्ही हातांवर आधार देऊन उचला, पिळू नका. जाड टॉवेलवर पसरा, टॉवेलची गुंडाळी करा आणि तिच्यावर दाब द्या. मग मापात पसरून सपाट वाळवा. दोरीवर टांगलेला लोकरी स्वेटर पाण्याच्या वजनाने लांब होतो.

अ‍ॅक्रिलिकला इस्त्री नको, वाफही नको. एकदा उष्णता बसली की वीण लुळी पडते आणि कायमची तशीच राहते.

लोकरी कपडा प्रत्येक वेळी धुवावाच लागतो असं नाही. लाळ किंवा दूध सांडलं असेल तेवढीच जागा पुसा आणि रात्रभर वाऱ्यावर सपाट ठेवा.

ठेवणीतल्या स्वेटरांना कसर लागते.

लोकर खातात त्या अळ्या, उडणारा पतंग खात नाही. त्यांना घामाची, खाण्याच्या डागांची लोकर जास्त आवडते, म्हणून धुऊन पूर्ण वाळवूनच आत ठेवा. घट्ट झाकणाचा डबा किंवा बंद पिशवी हाच खरा उपाय. लागल्याची शंका असेल तर कपडा पिशवीत घालून, हवा काढून, उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या अजिबात घालू नका, त्यांची वाफ तान्ह्यांना अपायकारक असते.

जुना स्वेटर उसवून त्यातून मुलाचं काही करता येईल का?

जरूर, आणि मोठ्या माणसाच्या एका स्वेटरमधून मुलांचे दोन सहज होतात. उसवायच्या आधी आतली शिवण पाहा. प्रत्येक भाग आकारात विणून, कडेला गुळगुळीत साखळी ठेवून जोडलेला असेल तर धागा अखंड निघेल. मोठ्या कापडातून कापून शिवलेला असेल तर प्रत्येक ओळीचा वेगळा तुकडा हाती येईल, तो सोडून द्या.

आधी शिवण, मग बाह्या, मग शेवटी बंद केलेल्या टोकाकडून उसवा. धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि टांगून वाळवा. कुरळेपणा बराचसा जातो. कोपरं आणि मनगटाकडचा धागा झिजलेला असतो, तो वेगळा काढा. उसवलेला धागा थोडा बारीक झालेला असतो, म्हणून नमुन्याचा तुकडा नव्याने विणा.

एवढं विणलं आणि मूल घालायलाच तयार नाही.

आधी त्याचं ऐका. टोचतंय का, गळा घट्ट आहे का, शिवण खुपते का, काखेत धरतंय का. लहान मुलाला नेमकं सांगता येत नाही, ते फक्त ‘नको’ म्हणतं. आत पूर्ण बाह्यांचा मऊ सदरा घालून एकदा पाहा. बरेचदा एवढ्याने भागतं.

तीन-चार वर्षांचं मूल असेल तर लोकर आणायच्या आधीच त्याला रंग विचारा. तुम्हाला न आवडणारा भडक रंग त्याने निवडला तरी तोच घ्या, घालणारं ते आहे. आणि तरीही नको म्हणालं तर जबरदस्ती करू नका, दुसऱ्या मुलाला द्या. विणणाऱ्याच्या कष्टांचं ओझं मुलावर टाकणं मला योग्य वाटत नाही.

घरात लहान मुलं आहेत. विणायला वेळ आणि जागा कशी काढावी?

एका वेळी दोन कामं सुरू ठेवा, एक डोकं लागणारं आणि एक साधं. साधं काम मूल शेजारी खेळत असताना करा, मोजणीचं काम ते झोपल्यावर. ओळ अर्धवट राहिली तर काम कुठे थांबलं ते कागदावर लिहा. सुया, दाभण आणि कात्री झिप लावता येईल अशा पिशवीत ठेवून वर उचलून ठेवा. रांगत्या मुलाच्या घरी सोफ्यावर टोचून ठेवलेली सुई क्षणभरही नको. सरळ सुयांपेक्षा तार जोडलेली गोल सुई बरी, टाके तारेवर सरकवून ठेवले की निसटत नाहीत.

मुलांना विणायला कधी शिकवावं?

चार-पाच वर्षांच्या मुलाला सुया न देता बोटांवर विणायला शिकवा. चार बोटांवर लोकर गुंडाळून खालचा फास वरून काढत गेलं की लांब पट्टी तयार होते. तिची बाहुलीची शाल होते, पण गळ्यात घालून खेळू देऊ नका. सहा-सात वर्षांत बहुतेकांच्या हातात दोन सुया नीट बसतात. हातकामाला महत्त्व देणाऱ्या वॉल्डॉर्फ पद्धतीच्या शाळांत पहिलीतच मुलामुलींना सुयांवर विणायला शिकवतात.

सुरुवातीला आखूड लाकडी सुया, ५ मिमीच्या आसपास. धातूच्या सुयांवरून टाके फार लवकर घसरतात. १५ टाके तुम्हीच घालून द्या, दोन-तीन ओळीही विणून द्या, कारण पहिली ओळ सर्वांत अवघड असते. समोर न बसता शेजारी बसा, म्हणजे तुमचे हात त्याला आहेत तसेच दिसतील. मूल डावखुरं असेल तर मात्र समोर बसा. फक्त सुलट टाकाच शिकवा, उलट टाका त्याने स्वतः विचारला की. लोकर जाड, गुळगुळीत आणि फिक्या रंगाची द्या, काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाके दिसतच नाहीत.